काचेच्या घुमटातून अमेरिका

दोस्तांनो, आगगाडीत चढल्याबरोबर भावंडांचं पहिलं भांडण कशावरून होतं? बरोबर, खिडकीच्या जागेवरून! आता अशी गाडी डोळ्यांसमोर आणा, जिच्या डब्यात छोटासा जिना आहे. जिना चढून वर गेलं, की डोक्यावर, समोर, मागे, दोन्ही बाजूंना सगळीकडे काचच काच. प्रत्येक जागा खिडकीची! मग भांडायचं कशाला?

अशी गाडी खरोखर होती बरं का! तिचं नाव 'कॅलिफोर्निया झेफिर'. झेफिर म्हणजे पश्चिमेकडून येणारी मंद वाऱ्याची झुळूक. २० मार्च १९४९ या दिवशी ही झुळूक अमेरिकेत धावू लागली. मिशिगन सरोवराकाठच्या शिकागो शहरातून निघायचं आणि पॅसिफिक महासागराजवळच्या ओकलंडला पोचायचं. तिथून खाडी ओलांडली की सॅन फ्रान्सिस्को. अंतर सुमारे चार हजार किलोमीटर! अमेरिकेत रेल्वे सरकारची नव्हती. तीन वेगवेगळ्या खाजगी कंपन्या मिळून ही एक गाडी चालवत. एकीच्या रुळांवरून दुसरीच्या, दुसरीच्या रुळांवरून तिसरीच्या, असा तिचा प्रवास.

चला तर मग, आपणही चढूया. समजा, साल आहे १९५५. शिकागोच्या युनियन स्टेशनात दुपारची वेळ. फलाटावर गंज न चढणाऱ्या पोलादाची चकचकीत गाडी उभी आहे. तिच्या प्रत्येक डब्याला नाव आहे आणि प्रत्येक नावाची सुरुवात 'सिल्व्हर' म्हणजे चांदी या शब्दाने. निळसर गणवेशातली एक ताई प्रवाशांचं स्वागत करते आहे. तिला म्हणतात 'झेफिरेट'. लाउडस्पीकरवरून आजूबाजूच्या प्रदेशाची माहिती सांगणं, जेवणाच्या पाळ्या लावणं, लहान बाळांच्या आयांना मदत करणं, कुणाला लागलं-खुपलं तर मलमपट्टी करणं, ही सगळी तिची कामं.

आता एक गंमत ऐका. याच दोन टोकांमध्ये दुसरी एक गाडी सुमारे ४० तासांत धावत असे. आपल्या झेफिरला मात्र ५० तास लागत! तरी लोक हिचं तिकीट आनंदाने काढत. का? कारण वेळापत्रकच मुद्दाम तसं आखलं होतं. सपाट प्रदेश आणि वाळवंट यायचं रात्री, लोक झोपलेले असताना. आणि डोंगर, दऱ्या, नद्या यायच्या दिवसाउजेडी. लवकर पोचण्यापेक्षा नीट बघणं महत्त्वाचं, असं मानणारी गाडी होती ती!

दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्व्हर येतं. आता पळा वर घुमटात! या घुमटाला 'व्हिस्टा डोम' म्हणत. एका घुमटात २४ जागा आणि गाडीला असे पाच घुमट. इथे जागा राखून ठेवायची पद्धत नव्हती. जो आधी येईल तो बसेल.

ही कल्पना सुचली कशी, ठाऊक आहे? १९४४ साली सायरस ऑस्बर्न नावाचे एक अधिकारी ग्लेनवूडच्या घळीतून डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये बसून चालले होते. समोरचा देखावा बघून त्यांना वाटलं, हे सगळं फक्त ड्रायव्हरलाच का दिसावं? प्रवाशांना का नाही? पुढच्याच वर्षी घुमटाचा पहिला डबा तयार झाला.

डेन्व्हर सोडलं की गाडी रॉकी पर्वत चढू लागते. बोगद्यामागून बोगदे लागतात. मग येतो मोफाट बोगदा, १९२८ साली सुरू झालेला. लांबी सुमारे १० किलोमीटर! कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा तुम्हाला माहीत असेल. तो साडेसहा किलोमीटरचा. म्हणजे त्याच्या दीडपट झाला की! अंधार संपतो तेव्हा आपण डोंगराच्या पलीकडे असतो. मग कोलोरॅडो नदी सोबतीला येते. शेकडो किलोमीटर ती साथ सोडत नाही. लाल-तांबड्या कड्यांच्या तळाशी नदी आणि तिच्या काठाने वळणं घेत जाणारी चंदेरी गाडी. मागच्या घुमटात बसलात तर वळणावर आपलंच इंजिन दिसतं!

हातातलं घड्याळ मात्र मागे करायला विसरू नका हं. वाटेत दोनदा ते एकेक तास मागे करावं लागतं. अमेरिका एवढी रुंद आहे, की तिथे एक वेळ चालत नाही. हे वेळेचे पट्टेसुद्धा १८८३ साली रेल्वे कंपन्यांनीच ठरवले. त्याआधी गावोगावची वेळ वेगळी असे.

भूक लागली? जेवणाच्या डब्यात पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरलेली टेबलं आहेत. काय हवं ते तोंडी सांगायचं नाही. कागद-पेन्सिल समोर येते, त्यावर आपण लिहून द्यायचं.

जेवून परत येतो तो काय! आपल्या बसण्याच्या जागेचा बिछाना झालेला आहे. स्वच्छ चादर, उशी, घोंगडी. रात्री बूट काढून ठेवले की सकाळी ते चकाचक. हे कुणी केलं?

दोस्तांनो, इथे आपण जरा थांबूया. जुन्या प्रवाशांच्या आठवणींमध्ये डोंगर असतात, जेवण असतं, पांढऱ्या चादरी असतात. चादर घालणारा माणूस मात्र बऱ्याचदा नसतो.

तो होता 'पुलमन पोर्टर'. आपल्याकडे पोर्टर म्हणजे हमाल. हा होता झोपण्याच्या डब्याचा सेवक. पुलमन ही शयन-डबे चालवणारी कंपनी. तिचे बहुतेक पोर्टर कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि त्यानंतर या कंपनीने पूर्वीच्या गुलामांना या कामावर घेतलं. रात्री सगळे झोपले तरी हा जागा. घंटा वाजली की हजर. कितीतरी प्रवासी त्याला सरळ 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. त्याचं नाव काहीही असो! कंपनीच्या मालकाचं नाव होतं जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी खोड, ती आगगाडीतही चढली होती.

या पोर्टरांनी १९२५ मध्ये आपली संघटना काढली. तिचे नेते होते ए. फिलिप रँडॉल्फ. तब्बल बारा वर्षं झुंज दिल्यावर १९३७ मध्ये कंपनीने करार केला. महिन्याला ४०० तास काम करावं लागे, ते २४० तासांवर आलं. पुढे १९६३ मध्ये वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा निघाला, जिथे मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या स्वप्नाचं भाषण केलं, त्या मोर्चाचे प्रमुखही हेच रँडॉल्फ! चादरी घालणाऱ्यांची संघटना किती दूर पोचली बघा.

पोर्टरांचं असं, मग कृष्णवर्णीय प्रवाशांचं काय? आपली झेफिर ज्या राज्यांतून जाई, तिथे वेगळ्या डब्यांचा कायदा नव्हता. पण दक्षिणेकडच्या राज्यांत होता. तिथे कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसावं लागे. हा डबा बहुतेकदा इंजिनाच्या मागेच जोडलेला असे. धूर आणि काजळी पहिली त्यांच्या अंगावर. जेवणाच्या डब्यात जागा मिळेल याचीही खात्री नाही. म्हणून आया काय करत? बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव, केक असं बांधून देत. मुलांना ती सहलीची शिदोरी वाटे. खरं कारण मोठ्यांना ठाऊक असे.

१९४२ मध्ये एल्मर हेंडरसन नावाचे सरकारी नोकर वॉशिंग्टनहून अटलांटाला निघाले होते. जेवणाच्या डब्यात पडद्याआडची टेबलं कृष्णवर्णीयांसाठी होती, पण तिथे गोरे प्रवासी बसलेले. एक खुर्ची रिकामी होती, तरी हेंडरसनना बसू दिलं नाही. शेवटी जेवणाचा डबाच गाडीपासून सोडवला गेला आणि ते उपाशी राहिले! ते कोर्टात गेले. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग १९५५ मध्ये हुकूम निघाला, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाड्यांत असा भेद चालणार नाही. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत डब्यातून उतरवलं, त्याला तोवर ६२ वर्षं झाली होती.

पण या गाड्यांचे दिवसही आता भरत आले होते. १९५६ मध्ये रुंद महामार्ग बांधायचा कायदा झाला. लोक मोटारीने फिरू लागले. १९५८ पासून बोइंग ७०७ हे जेट विमान उडू लागलं आणि देशाच्या या टोकाहून त्या टोकाला काही तासांत जाता येऊ लागलं. १९६७ मध्ये टपाल खात्याने गाड्यांमधली बरीचशी टपालवाहतूक काढून घेतली आणि उत्पन्न आटलं. मार्च १९७० मध्ये झेफिर थांबली. पुढच्या वर्षी १ मे रोजी 'ॲमट्रॅक' ही राष्ट्रीय संस्था प्रवासी गाड्या चालवू लागली. तिने १९८३ पासून झेफिरचं नाव पुन्हा रुळांवर आणलं. आजही शिकागोहून निघून मोफाट बोगद्यातून, कोलोरॅडो नदीच्या काठाने ती धावते.

आणि ते 'व्हिस्टा डोम' नाव? ते आपल्या घाटातही आलंय की! २०२१ पासून मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीनला 'व्हिस्टाडोम' डबा जोडलेला आहे. आपल्या डब्याला वरचा मजला नाही, पण मोठाल्या खिडक्या आणि छताला काचा आहेत. कधी त्यात बसलात तर खंडाळ्याचे धबधबे डोळे भरून बघा. मान दुखेपर्यंत वर बघा! आणि चहा घेऊन काका आले, की एक काम करा. त्यांना नुसतं 'ए चहावाले' म्हणू नका. त्यांचं नाव विचारा. घरी गेल्यावर प्रवासाची गोष्ट सांगाल ना, तेव्हा डोंगर आणि धबधब्यांबरोबर ते नावही सांगा.