ओटीवरची भिंत

आमच्या घरी नाताळची कामं वाटलेली होती. अंगणातला कामट्यांचा तारा दादाचा, गोठा पोरांचा, फराळ सगळ्यांचा. ओटीवरची भिंत मात्र आईची. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ती भरायला लागायची आणि नाताळच्या रात्री मिस्साहून परत येईतो भरून गेलेली असायची. वसईत नाताळला घरोघर काही ना काही सजतंच. आईची रीत वेगळी होती. त्या वर्षी आमच्या घरात वापरून संपलेल्या वस्तूंखेरीज तिच्या भिंतीवर काही लागत नसे. बाजारातली झिरमिळी नको आणि कुणी टाकलेलं उचलून आणलेलंही नको. वस्तू आमच्याकडे राबलेली हवी.

त्यामुळे भिंतीकडे पाहून वर्ष ओळखता यायचं. दादाचं लग्न झालं त्या वर्षी उरलेल्या पत्रिकांच्या सोनेरी कडा कापून तिनं फुलं केली. न्हाणीघर बांधलं त्या वर्षी सिमेंटच्या कागदी पिशव्यांचे तपकिरी देवदूत झाले. पिशवीचा मधला पदर तेवढा स्वच्छ निघतो. तो तिनं फडक्यानं पुसून, चारी कोपऱ्यांना दगड ठेवून उन्हात ताणला होता. 'सुवार्ता'चे जुने अंक मात्र कात्रीपासून सुरक्षित होते. ते वाचून झाले तरी संपत नाहीत, असा तिचा हिशेब.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं वाडीतली केळी आडवी केली. बाबा कितीतरी दिवस वाडीत पाऊल टाकत नव्हते. आईनं पडलेल्या केळींची सोपटं सोलून माळ्यावर वाळत टाकली. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. डिसेंबरात त्या वाळक्या, तकतकीत पट्ट्यांमधून मरिया, योसेफ आणि मेंढरं निघाली. कुठे गडद तपकिरी, कुठे पिवळट, जशी पट्टी मिळेल तसा अंगरखा. बाबा समोर खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते वाडीत गेले. आईच्या सगळ्या भिंतींत मला तीच देखणी वाटते. नुकसानीचं वर्ष होतं आणि भिंतीनं ते लपवलं नव्हतं.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की आई सगळं उतरवायची. कागद न्हाणीच्या चुलीत, सोपटं खताच्या खड्ड्यात, खिळे उपटून डबीत. फुलांची एखादी जोडी ठेवू या म्हटलं तरी ऐकायची नाही. पुढचं वर्ष कुठे लावायचं मग, असं विचारायची.

एकच वस्तू दरवर्षी परत यायची, ती म्हणजे तिची चुंबळ. आत भाताचा पेंढा, वरून आजीच्या लाल लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली. लग्नानंतर कितीतरी वर्षं आईनं तिच्यावर भाजीची टोपली वाहिली. पहाटेच्या लोकलनं बोरिवली, तिथून पायी ठरलेल्या गिऱ्हाइकांची दारं. वांगी, पालेभाजी, केळफूल आणि वर ओल्या फडक्याखाली मोगरा. गुडघे बोलू लागल्यावर टोपली सुटली, तेव्हा चुंबळ भिंतीवर चढली. भुईगावच्या किनाऱ्यावर वाऱ्यानं पडलेले सुरूचे फाटे आणायचे, केळीच्या दोरानं चुंबळीभोवती बांधायचे, मधूनमधून सुरूचीच छोटी बोंडं खोचायची. आगमनकाळाचं चक्र तयार. ते खिळ्याला टांगायचं आणि खालच्या फळीवर चार मेणबत्त्या ठेवायच्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची, एक गुलाबी.

या चक्राची मूळ कथा मी तिला एकदा वाचून दाखवली होती. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाच्या प्रोटेस्टंट धर्मगुरूनं अनाथ, गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवला होता. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं त्याच्या मागे लागायची. १८३९ साली त्यानं गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची म्हणजे मुलांना दिवस मोजता येतील. हिरव्या फांद्या त्यावर नंतर आल्या. पहिलं चक्र म्हणजे एक निवृत्त चाकच होतं. आईनं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "ओझं वाहिलं असेल ना त्या चाकानं?" मी म्हटलं, वाहिलंच असणार. तिनं मान हलवली आणि चुंबळ पुन्हा मांडीवर घेतली.

शेवटच्या नाताळच्या आधी मूत्रपिंडाच्या आजारानं तिचं वाडीत जाणं थांबलं होतं. ओटी ते खाट, एवढंच चालणं. उशाशी बिस्किटाचा एक डबा असायचा आणि त्यात ती गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या टाकायची. मला वाटायचं, किती गोळ्या झाल्या ते मोजायला ठेवत असेल. नोव्हेंबर संपत आल्यावर तिनं डबा पाटावर उपडा केला. एका बाजूनं प्लास्टिकच्या असलेल्या पट्ट्या वेगळ्या काढल्या, त्या कामाच्या नव्हत्या. दोन्हीकडून चंदेरी होत्या तेवढ्या घेतल्या आणि चमच्याच्या पाठीनं एकेक पट्टी घासायला लागली. गोळीचा फुगवटा बसायचा, पण त्याच्या गोलाच्या सुरकुत्या जात नसत. मग कात्रीनं शंकरपाळ्याएवढे तुकडे, औषधाच्या नावाची बाजू आत. सलाइनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दादाच्या मुलीनं पाच टोकांचा तारा आखून कापला. आई खळ लावून द्यायची आणि भाची चिकटवायची. दिव्याचा उजेड त्या सुरकुत्यांवर फुटून साऱ्या ताऱ्यावर पसरायचा.

मला ते बघवेना. "आई, औषधं कशाला भिंतीवर?"

"यंदा घरात दुसरं काय वापरलं?" ती म्हणाली.

पोलंडमधल्या क्राकोव शहरात गवंडी आणि सुतार हिवाळ्यात बांधकामं बंद पडली की नाताळचे गोठे करायचे, हे मला तिच्यामागे वाचायला मिळालं. लाकूड, पुठ्ठा आणि रंगीत चंदेरी कागद. शहरातल्या चर्चांचे मनोरे, घुमट, सगळं त्या कागदानं मढवलेलं. १९३७ पासून तिथे डिसेंबरात त्यांची स्पर्धा भरते आणि २०१८ मध्ये युनेस्कोनं ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. चित्रं पाहताना मी त्यातल्या चांदीवर सुरकुत्या शोधत होते. तिला दाखवायला हवी होती ती चित्रं. ती आधी खळ कशाची करतात ते विचारती.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात तिला इस्पितळात न्यावं लागलं. तीन राजांचा सण तिकडेच गेला. उपवासकाळ लागायच्या आत ती गेली. माणसांची ये-जा, अंत्यविधी, महिन्याचा मिस्सा, या सगळ्यात भिंतीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सुरूचे फाटे वाळून आपोआप गळले आणि चुंबळ दादानं उतरवून ठेवली. तारा राहिला. पावसाळ्यात त्याचं एक टोक ओल खाऊन वाकलं, तरी तो तिथेच आहे. आईच्या हातची एक तरी भिंत जानेवारीनंतर टिकलेली आम्ही पहिल्यांदाच पाहतो आहोत, आणि ती टिकली कारण उतरवणारी नव्हती.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत गेलो. या दिवसाशी आईचं एक काम जोडलेलं होतं. आमच्या माणसांच्या थडग्यांवरच्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या ती दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा करून आणायची आणि त्याच मेणाच्या नाताळच्या चार मेणबत्त्या व्हायच्या. पपईच्या पानाचा दांडा आतून पोकळ असतो. एक तोंड चिखलानं बुजवायचं, मधोमध सुताची वात ताणून धरायची, वितळलेलं मेण ओतायचं. मेण घट्ट झालं की दांडा उभा चिरायचा, आतून सरळ, गुळगुळीत मेणबत्ती निघते. जांभळ्या रंगासाठी पोरांच्या मेणाच्या खडूचे तुकडे. आजीच्या, काकांच्या मेणबत्त्यांच्या उजेडात आम्ही लहानपणी ख्रिस्तजन्माची वाट पाहत होतो, हे मला तेव्हा कळत होतं, पण ते इतकं जवळ कधी आलं नव्हतं. यंदा ३ तारखेला भाचीला घेऊन मी गेले. ओलसर मातीत रोवलेली खोडकी उपटताना मेणाबरोबर थोडी मातीही आली. ती झटकावी की नाही, मला सुचेना. भाचीनं सगळं तसंच पिशवीत टाकलं.

घरात वर्ष भरलेलं नाही, म्हणून यंदा अंगणात तारा नाही. आमच्या घरची रीत तशी आहे. चक्र मात्र बांधायचं, असं वहिनीनं ठरवलं. तिचं म्हणणं, सण नाही केला तरी वाट पाहायला हरकत नसते. चुंबळ उन्हात ठेवली आहे. आतला पेंढा भुसभुशीत झालाय, तो बदलावा लागेल. लुगड्याची पट्टी अजून धड आहे.

भांडण चंदेरी ताऱ्यावरून आहे. काढावा, असं माझं मत. भिंत कोरी ठेवणं हा तिच्या कामाचा अर्धा भाग होता, आणि तो अर्धा भाग आमच्याकडे राहून गेलाय. दादा हात लावू देत नाही. त्याच्या मते तिच्या हातचं तेवढंच उरलंय आणि ते चुलीत घालायला त्याचा जीव धजत नाही. त्याचंही मला कळतं. रोज सकाळी ओटीवर चहा पिताना तो त्या ताऱ्याखाली बसतो. बाबा कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत. यंदाच्या भिंतीवर काय लावायचं, हाही प्रश्नच आहे. शोकाची छापील पत्रं आहेत, तिच्या चपलेचे पट्टे आहेत, डायलिसिसच्या नोंदींच्या वहीची कोरी पानं आहेत. भाची हे सगळं बिस्किटाच्या डब्यात जमवते आहे.

कालच तिचा फोन आला. "आत्या, तुमच्याकडच्या पपईचे दांडे येताना घेऊन ये. चार हवेत, सरळ आणि जाड. गेल्या वर्षी आजीनं बारीक घेतले होते, तिसऱ्या रविवारची वाकडी झाली होती."