थोरल्याचं काय चुकलं?

आमच्या घरात कीर्तन यजमानांचं. ते नेवासे तालुक्यात सुवार्तिक होते. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, त्याच वळणावर यजमान तयार झाले. तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, तीच पेटी आणि झांज. आख्यान तेवढं पवित्र शास्त्रातलं. मी मागे उभी राहून टाळ धरायची. मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी खुंटीवरच्या चिपळ्या डाव्या हातानं काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. मी घेतल्या.

त्यानंतरचे दिवस फार ओढीचे गेले. त्यांचं मानधन थांबलं होतं, औषधं मात्र थांबणार नव्हती. मी फॉल-पिकोचं काम धरलं. आमच्याच मंडळीत कुरकुर झाली की बाईमाणसानं पुढे उभं राहून आख्यान लावायचं म्हणजे काय. ज्या खोलीत भाड्यानं राहत होतो ती मालकानं रिकामी करायला सांगितली. कारण विचारलं तर म्हणाला, शेजारी बोलतात. सामान हातगाडीवर घालून नेताना यजमान पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ती गाडीत ठेवू देईनात.

गावात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: “बाई, तुम्हाला एका माणसामागं किती मिळतात?” मी दर वेळी शांतपणे उत्तर देते. सांगते की पोट पिकोवर चालतं, भाकरी घरून बांधून आणलेली आहे, वाटायला माझ्याकडे काही नाही. कोणी आजारी असेल तर घरच्यांना विचारूनच प्रार्थना करते. नको म्हणाले तर करत नाही; लागलं तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सोबत जाते. धर्म बदला, असं मी कोणाला म्हणत नाही. येशूनं माझ्या घरात काय केलं ते गाते. पुढचं ऐकणाऱ्यानं आणि देवानं बघावं.

या मुलखात हे काम कधीच सोपं नव्हतं. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जायला फर्मावलं होतं. ते राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या. १८२६ मध्ये नाशिककडे पटकीची साथ होती. रोग्यांना औषधं देत फिरताना त्यांनाच पटकी झाली आणि वाटेतच ते गेले. इतक्या वर्षांत मंडळी म्हणावी एवढी माणसंही त्यांच्याभोवती जमली नव्हती. तरी मला जास्त आधार वाटतो तो लक्ष्मीबाई टिळकांचा. १८९५ मध्ये त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार मोडला. कित्येक वर्षं ताटातूट झाली. पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही आपलं सोवळं घेऊन. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून, स्वतःला पटलं तेव्हा. कोणी ओढून नेलं असतं तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी ती बाई आपल्याला मिळाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

माझं आवडतं आख्यान उधळ्या पुत्राचं. आमच्या भागात ते समजावून सांगावं लागत नाही. बापाच्या हयातीत धाकटा वाटणी मागतो, एवढं म्हटलं की पारावरची माणसं सरसावून बसतात. प्रत्येकाच्या घरी एक वाटणी झालेली असते. एका गावात हे आख्यान लावलं. धाकटा सगळं उधळून घरी आला, बापानं त्याला मिठी मारली, इथं मी चाल बदलून भजन घेतलं. भजन संपलं तसे फेटेवाले एक आजोबा उठले.

“बाई, थोरल्याचं काय चुकलं? त्यानं जल्मभर रान कसलं, बापाला उलटा शब्द नाही बोलला. अन् कापायचं ते वासरू धाकट्यासाठी?”

सगळा पार माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “बाबा, शास्त्रात थोरल्याला बाप रागावत नाही. तो रुसून बाहेर उभा राहिला, तर बाप मेजवानी सोडून त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची मनधरणी करतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही.” आजोबा म्हणाले, “हे उत्तर अर्धं झालं.” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी पुन्हा येते.”

पुढच्या वर्षी गेले तर काही तरुण पोरं आडवी आली. पेटी उचला, म्हणाली. एकानं शुभवर्तमानाच्या पुस्तिका हिसकावून फाडल्या. माझे पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात तेच आजोबा काठी टेकत आले आणि पोरांना म्हणाले, “माझं अर्धं उत्तर राहिलंय. बाईला बोलू द्या, मग काय ते बघू.” कीर्तन झालं. आजोबांचं समाधान तेव्हाही झालं नाही. ते शेवटपर्यंत विठ्ठलाचे वारकरी राहिले, आणि मी गेले की त्यांच्या ओट्यावर चहा होई. त्या गावात कोणाचा बाप्तिस्मा झालेला नाही. मी तिथं दर वर्षी जाते.

बाप बाहेर येतो, ते शास्त्रातलं वाक्य त्या आजोबांमुळे मला नीट कळलं. तो थोरल्याचा हात धरून आत ओढत नाही. बाहेर अंगणात, त्याच्या रागासमोर उभा राहतो. फाटलेल्या पुस्तिकांनंतरही मला त्या गावी जावंसं वाटतं, ते यामुळे.

यजमान आता प्रभूकडे गेले. गुडघे कुरकुरतात, मुलगा म्हणतो, “आई, आता पुरे.” शहरातल्या मंडळ्यांत कीबोर्ड आणि पडदा आला आहे; कीर्तन जुनं झालं, असं काही पाळकही म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या पारावर विठ्ठलाचं कीर्तन चालतं, तिथं आमचं म्हणणं त्याच चालीत ऐकून घेतलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचा तबलजी नोकरीसाठी चाकणला गेला. नाताळाआधी गावं ठरलेली आहेत. राहुरी-नेवासे भागात कोणाला ठेका धरता येत असेल, तर यावं. मानधन देता येणार नाही. एसटीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण माझ्याकडे.