वाचणाऱ्याची पाटी

पाऊस नुकताच थांबला होता. रस्त्याच्या कडेला एक सायकल आडवी पडलेली, पुढचं चाक वाकलेलं, हँडलला अडकवलेल्या पिशवीतले कांदे डांबरावर घरंगळलेले. सायकलवाल्याला लोकांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. धडक देणारी गाडी निघून गेली होती. आमचं आरटीओचं वायुवेग पथक त्याच रस्त्यावर तपासणीला होतं, म्हणून हवालदारांच्या मागोमाग मीही तिथे पोहोचलो.

समोरच्या टपरीवर चहा करणाऱ्या मावशींनी गाडी अगदी जवळून पाहिली होती. पांढरी, मोठी, काळ्या काचांची. हवालदारांनी नंबर विचारला, तर मावशी क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "दादा."

हवालदारांना वाटलं, आपल्यालाच हाक मारताहेत. "बोला मावशी."

"तेच सांगतेय. पाटीवर 'दादा' लिहिलं होतं. बाकी काही दिसतच नव्हतं."

म्हणजे नंबर ४१४१. चारला वरून रेघ ओढून त्याचा 'द' करायचा, एकाचा काना करायचा. पण महाराष्ट्रात ४१४१ नंबरच्या गाड्या किती? प्रत्येक मालिकेत १ ते ९९९९ असे नंबर असतात, म्हणजे प्रत्येक मालिकेत एक ४१४१ निघतो. एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-११ सातारा, एमएच-०९ कोल्हापूर. अशा प्रत्येक कार्यालयाच्या मालिकांमागून मालिका. नेमकी गाडी सांगणारा जिल्ह्याचा क्रमांक आणि मालिकेची अक्षरंच त्या पाटीवर मावशींना दिसली नव्हती. आम्ही बरंच शोधलं. गाडी सापडली नाही. सायकलवाला वाचला, पण पायाने कायमचा अधू झाला, आणि आपल्याला कोणी उडवलं हे त्याला कधीच कळलं नाही.

मोटार वाहन निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली. लोकांना वाटतं, नंबरप्लेट ही गाडीमालकाची वस्तू आहे. मावशींसमोर उभं असताना मला जे कळलं ते उलटं होतं. पाटी मालकासाठी नसतेच. ती वाचणाऱ्यासाठी असते. रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी, टपरीवरच्या साक्षीदारासाठी, रात्री गस्त घालणाऱ्या शिपायासाठी.

म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ पाटीच्या बाबतीत एवढे काटेकोर आहेत. मोटारीच्या पाटीवरची अक्षरं आणि आकडे ६५ मिलिमीटर उंच हवेत, रेघेची जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांमधलं अंतरही १० मिलिमीटर. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर. अक्षरं इंग्रजी, आकडे आंतरराष्ट्रीय. मराठीतून पाटी का नको, असं मला अनेकांनी पोटतिडकीने विचारलं आहे. मराठी माझीही माय आहे. पण आपली गाडी निपाणीच्या पुढे गेली किंवा सुरतेत शिरली, तर तिथल्या शिपायाला आणि कॅमेऱ्यालाही तो नंबर एका नजरेत वाचता आला पाहिजे.

माझ्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी असे. एकदा कॉलेजच्या एका मुलाची मोटारसायकल थांबवली. मागच्या पाटीवर २१४ चा 'राम' केलेला. जिल्ह्याचा क्रमांक आणि मालिका वरच्या कोपऱ्यात, मुंगीएवढी. पट्टी लावली तर ती अक्षरं जेमतेम ८ मिलिमीटर भरली.

"सर, देवाचं नाव आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "नाव मनात ठेव, बाळा. पाटीवर नंबर ठेव. उद्या तू कुठे घसरून पडलास, शुद्ध हरपली, तर तुझ्या आईला कळवायला लोकांकडे हाच नंबर असणार आहे."

त्याने दंड भरला आणि आठवड्याने पाटी बदलून दाखवायला आपणहून आला. सोबत आईही होती.

आवडीचा नंबर घेण्यात गैर काहीच नाही. त्यासाठी सरकारचीच पसंती क्रमांकाची सोय आहे. २०२४ च्या सुधारित दरांनुसार चारचाकीच्या ०००१ साठी राज्यात ५ लाख रुपये भरावे लागतात, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख. कुणाला मुलीची जन्मतारीख हवी असते, कुणाला वडिलांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. असा नंबर मिळाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येणारा आनंद मी काउंटरवर अनेकदा पाहिला आहे, आणि तो मला खरा वाटतो. नंबर हवा तो घ्या. फक्त तो नंबरच दिसू द्या, त्याचं चित्र करू नका.

उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे सगळे एचएसआरपी म्हणतात ती, पाटी एकसारखी दिसावी आणि खोटी लावता येऊ नये म्हणून आली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांसाठी ती कंपनीच पुरवते आणि विक्रेता बसवून देतो. पाटी ॲल्युमिनियमची, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्रॅम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. जुन्या गाड्यांना ती बसवताना लोकांनी खर्चाची आणि खेट्यांची तक्रार केली. ती तक्रार मला समजते. पण दुसऱ्याच्या गाडीचा नंबर लावून फिरणारे असतात, आणि त्यांनी केलेल्या गुन्ह्याचं ई-चलन निरपराध माणसाच्या मोबाइलवर येतं. आपली गाडी घराबाहेरच पडली नव्हती, हे सिद्ध करायला धावाधाव करणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी ही पाटी हवी.

नंबरप्लेटचं जे, तेच दिव्याचं आणि सायरनचं. लाल दिवा हा एकेकाळी मानाचा तुरा झाला होता. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मोजक्या घटनात्मक पदांपुरता मर्यादित केला आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने तो मान्यवरांच्या गाड्यांवरून पूर्णपणे उतरवला. दिवा आता अग्निशमन दल, पोलीस, आपत्ती निवारण आणि रुग्णवाहिका यांच्यासारख्या तातडीच्या कामाच्या गाड्यांचा. निरनिराळ्या सुरांत वाजणारा भोंगाही नियमाने अशाच गाड्यांना चालतो. तरीही बोनेटच्या जाळीआड निळे-लाल लुकलुकणारे दिवे आणि सायरन बसवलेल्या खासगी गाड्या मी नोकरीच्या शेवटच्या महिन्यापर्यंत पकडत होतो.

आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे, ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली. योग्यता तपासणीला आलेल्या एका रुग्णवाहिकेच्या चालकाशी मी बराच वेळ बोलत बसलो होतो. पुढच्या बाजूची उलटी अक्षरं त्याने ओल्या फडक्याने पुसून लख्ख केली होती. पुढच्या गाडीवाल्याला आरशात ती सुलटी वाचता यावीत म्हणून उलटी लिहितात. तो म्हणाला, "साहेब, पूर्वी सायरन ऐकला की लोक गाडी बाजूला घ्यायचे. आता आधी आरशात बघतात, पेशंट आहे की पुढारी. तेवढ्या बघण्यात माझा सिग्नल जातो."

खोट्या सायरनचं नुकसान त्या एका वाक्यात आलं. सायरन ही रस्त्यावरच्या लोकांनी दिलेली उधारी आहे. खोटा वाजवणारा ती उचलतो, आणि खऱ्या रुग्णाला गरज पडते तेव्हा खात्यात शिल्लक नसते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण लोक वाट देतात ते विश्वासाने. दंडाच्या भीतीने हात तेवढ्या चटकन वळत नाहीत.

हा विश्वास किती मोलाचा आहे, हे शत्रूला आपल्याआधी कळलं होतं. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेच्या आवारात घुसलेल्या पांढऱ्या अँबेसिडरवर लाल दिवा होता आणि काचेवर गृह मंत्रालयाचं बनावट स्टिकर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत अतिरेक्यांनी पोलिसांची गाडी पळवली आणि मेट्रो सिनेमापाशी जमलेल्या लोकांवर तिच्यातूनच गोळ्या झाडल्या. पोलिसांची गाडी आली म्हणून लोक तिथून हलले नव्हते. हौस म्हणून काचेवर 'पोलीस' लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगत आलो आहे.

मग प्रश्न येतो खुणा नसलेल्या गाड्यांचा. गुन्हे शाखेला पाळतीसाठी साधी गाडी लागते. ते काम तसंच व्हायला हवं. पण पाळत ठेवणं वेगळं आणि अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवणं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० सांगतं की पोलिसाने परवाना मागायचा तर तो गणवेशात हवा. गणवेश ही माणसाच्या अंगावरची नंबरप्लेटच आहे. म्हणून लेकी-सुनांना मी सांगतो: रात्री साध्या गाडीतून कोणी थांबायची खूण केली, तर पार्किंगचे दिवे लावा, वेग कमी ठेवा, उजेडाच्या जागी किंवा पेट्रोल पंपावर थांबा आणि ११२ ला फोन लावा. काच थोडीच उघडून ओळखपत्र मागा. खरा पोलीस यात अपमान मानणार नाही, आणि तोतया तिथे थांबणार नाही.

दिवाळी पाडव्याला अनेकांच्या दारात नवी गाडी येईल. आजी कुंकवाने स्वस्तिक काढेल, चाकांखाली लिंबं ठेवली जातील, झेंडूचा जाड हार पुढे बांधला जाईल. बांधाच तो. फक्त नंबरवरून थोडा वर सरकवून बांधा. मग दहा पावलं मागे जाऊन उभे राहा आणि पाटी वाचून पाहा. टपरीवरच्या त्या मावशींना, पावसात, एका नजरेत ती पूर्ण वाचता आली असती का? वाचता येत असेल, तर तुमची गाडी रस्त्यावर यायला तयार आहे.