केळी, दाखले आणि शेवटची तारीख

जळगावच्या एस. एस. मणियार विधी महाविद्यालयात पाऊल टाकलं की पहिल्या आठवड्यातच उज्ज्वल निकमांचं नाव कानावर येतं. ते इथेच शिकले, जळगावच्या जिल्हा न्यायालयात सरकारी वकिली केली, मग मुंबई बॉम्बस्फोट खटला, २०१६ ची पद्मश्री, २०२५ मध्ये राज्यसभा. दुसरं नाव प्रतिभाताई पाटलांचं. मू. जे. महाविद्यालयातून एम. ए., मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायदा, परत येऊन जळगावला वकिली, १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी आमदार. स्वागत समारंभातली भाषणं या दोन नावांवर भागतात. चोपड्याहून एसटीने येणाऱ्या पोराला मात्र वेगळंच हवं असतं. यंदा कोणता अर्ज, कुठे, कोणत्या तारखेच्या आत? ते भाषणात कोणी सांगत नाही.

—

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर धुळ्याच्या न्यायालयात कामासाठी आले, तेव्हा ते इथे थांबले होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला इथे माणसांचा पूर येतो.

शिष्यवृत्तीवर ज्याला बोलायचं आहे त्याने बाबासाहेबांच्या शिक्षणाचा हिशेब नीट वाचावा. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती: महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. लंडनचं शिक्षण अर्धवट असतानाच मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, पण यावेळी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज अशी जुळवाजुळव करून. बॅरिस्टर झाले ते त्यानंतर. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही पैसे तीन-चार ठिकाणांहून गोळा करावे लागले. आमची पोरं एक अर्ज नामंजूर झाला की पुढचे भरतच नाहीत.

आज महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती शाहू महाराजांच्याच नावाने आहे. अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते, कायद्याच्या एलएल.एम.लाही. लांडोर बंगल्यावर पुस्तकांचे, फोटोंचे, निळ्या झेंड्यांचे स्टॉल लागतात. त्यांच्या रांगेत एक टेबल या अर्जाचं असावं असं मला फार वाटतं. एक माणूस, एक लॅपटॉप, पात्रतेचा एक कागद. खर्च काहीच नाही.

—

देशातल्या देशात शिकायला पैसे आहेत, पण ते महाडीबीटी या सरकारी पोर्टलच्या दारातून येतात आणि त्या दाराला कागदांचं कुलूप असतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेयर, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र. शेवटी सगळं जमतं आणि बँक खात्याला आधार जोडलेला नसतो. मंजूर झालेली रक्कम तिथेच अडकते.

मुलींसाठी २०२४ पासून मोठा बदल झाला आहे. ज्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी शंभर टक्के माफ. विधी शाखा त्यात येते. आधी ही सवलत निम्मी होती. यावलकडच्या एका बापाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, मग कॉलेजवाले आधी पूर्ण पैसे का मागतात?" रास्त प्रश्न. त्याच्या हातात शासन निर्णयाची प्रत दिली. कायदा शिकणाऱ्या पोरीच्या बापाकडे ती असायलाच हवी.

—

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी तीन योजना आहेत आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. स्वाधार समाजकल्याणची, अनुसूचित जातीसाठी. स्वयं आदिवासी विकासची. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना ओबीसी, भटके-विमुक्त यांच्यासाठी. तिन्हीत जेवण-खोलीचे पैसे थेट खात्यावर येतात. साक्रीहून धुळ्याला किंवा रावेरहून जळगावला राहायला आलेल्या विद्यार्थ्याचं वर्ष यावर तरतं किंवा बुडतं. चुकीच्या खात्याच्या कार्यालयात अर्ज देऊन दोन महिने वाट बघणारे मी पाहिले आहेत.

—

आता निबंध स्पर्धा. व्हॉट्सअॅपवर रोज एक तरी पोस्टर येतं. विषय ठरलेले: कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा, गोपनीयतेचा हक्क, एक देश एक निवडणूक. दिल्ली, बंगळूरू, पुणे सगळीकडची पोरं त्यावरच लिहितात. त्यांच्याकडे मोठी ग्रंथालयं असतात, सशुल्क डेटाबेस असतात. त्याच मैदानात त्यांच्याशी पळायला गेलं की आपण मागे पडतो. पण खानदेशात निबंधाचा माल रस्त्यावर सांडलेला आहे.

केळीचंच घ्या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी भरताच्या वांग्यालाही. पेपरांत मोठ्या बातम्या आल्या. पण १९९९ च्या कायद्यात नोंदणी एका संस्थेच्या किंवा गटाच्या नावावर होते, आणि ज्या शेतकऱ्याला ते नाव आपल्या मालावर लावायचं आहे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची असते. रावेर-सावद्याच्या किती बागायतदारांनी ती केली? व्यापारी बांधावर येऊन घड कापून नेतो, ट्रक उत्तरेकडे जातो. त्या प्रवासात मानांकनाचं लेबल कुठे लागतं? नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण. ते कोण करणार, फी कोण भरणार? हे प्रश्न घेऊन कोणी पाच शेतकरी, दोन व्यापारी आणि एका कृषी अधिकाऱ्याला भेटून लिहिलं, तर असा निबंध देशात दुसऱ्या कोणाकडे नसेल. बौद्धिक संपदेवर शमनाद बशीर यांच्या स्मरणार्थ दरवर्षी निबंध स्पर्धा होते. वंचित घरांतली मुलं राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पोचावीत म्हणून आयडिया ही संस्था काढणारे ते हेच बशीर. त्या स्पर्धेला जळगावच्या केळीवरचा निबंध गेलेला मला बघायचा आहे.

दुसरा माल फळपीक विम्याचा. भरपाई ठरते ती हवामान केंद्राने नोंदवलेल्या तापमानावर. शेतात झाड करपलं, पण केंद्राच्या आकड्याने उंबरठा ओलांडला नाही, तर शेतकरी रिकाम्या हाताने परततो. करार कोणाशी, पुरावा कोणाचा, ग्राहक आयोगात दाद लागते का? उन्हाळ्यात जळगावचा पारा कुठे जातो हे सगळा महाराष्ट्र जाणतो. त्या पाऱ्यावर कायद्याच्या अंगाने लिहिणारं कोणी दिसत नाही.

तिसरा धुळ्याचा. इतिहासकार राजवाडे गेले १९२६ च्या अखेरीस, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथे मोडी कागदांचे ढीग आहेत. मोडीचा एखादा वर्ग करायचा आणि जुन्या वतनाच्या भांडणात साक्षीपुरावा कसा तोलत, पंच कोण बसत, हे बघायचं. भारतीय साक्ष्य अधिनियम नवा आला आहे, १ जुलै २०२४ पासून. तुलनेला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

—

या स्पर्धांचं गाडं इंग्रजीत चालतं. आमच्या तालुका न्यायालयांत मात्र मराठी चालते. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. तरी निकालपत्रं अजून बरीचशी इंग्रजीत. माझा सल्ला उलटा वाटेल, पण पहिला मसुदा मराठीत लिहावा, निदान मुद्दे तरी. शेतकऱ्याशी बोलणं मराठीत नाहीतर अहिराणीतच झालेलं असतं. मग इंग्रजी करताना वाक्यं लहान ठेवायची. परीक्षकाला लहान वाक्यांचा राग येत नाही. तळटीपा मात्र सांगितलेल्या पद्धतीनेच द्यायच्या. तिथे हयगय केलेला चांगला निबंध पहिल्याच चाळणीत गळतो.

—

फी घेणाऱ्या स्पर्धांबद्दल. पाचशे रुपये प्रवेशशुल्क, बक्षीस दोन हजार, सहभागाचं ई-प्रमाणपत्र प्रत्येकाला. आयोजक कोण, तर सहा महिन्यांपूर्वी निघालेलं एखादं 'लीगल फाउंडेशन'. अशा प्रमाणपत्रांनी भरलेली फाईल घेऊन मुलाखतीला आलेला उमेदवार बघून पोटात कालवतं. त्यापेक्षा त्या पाचशे रुपयांत अजिंठा घाट ओलांडून औरंगाबाद खंडपीठात जाण्याचं तिकीट काढावं. जळगाव-धुळ्याची उच्च न्यायालयातली कामं तिथेच चालतात. दोन दिवस मागच्या बाकावर बसून ऐकायला कोणी फी घेत नाही.

—

बार रूममध्ये ऐकलेलं.

"दादा, जजची परीक्षा यंदा देऊ का?"

"सनद कधी मिळाली?"

"अजून शेवटचं सेमिस्टर आहे."

"मग २० मे २०२५ चा निकाल वाचला नाहीस तू."

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ धरला जातो, न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेलं कामही. आमच्याकडची हुशार पोरं एलएल.बी. झाल्या झाल्या पुण्यात क्लास लावायची, आता आधी कोर्टात उभं राहावं लागेल. मला हे पटतं. रिमांडच्या वेळी आरोपीची आई दाराबाहेर कशी उभी असते हे ज्याने पाहिलंच नाही, त्याने जामिनाचा हुकूम का लिहावा?

अडचण पोटाची आहे. तीन वर्षं ज्युनियरने खायचं काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं की शहरात ज्युनियरला महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. सुचवलं फक्त. इकडे पेट्रोलचे पैसे मिळाले तरी पोरं सीनियरचं नाव आदराने घेतात. सनदेचा खर्च तरी उतरला. ३० जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणी शुल्क कायद्यातल्या रकमेवर आणलं: सर्वसाधारण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी राज्या-राज्यांतली बार कौन्सिलं हजारोंनी घेत होती.

—

या तीन वर्षांसाठी दोन जागा लक्षात ठेवाव्यात. पहिली, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची लोकअभिरक्षक यंत्रणा. तिथे सहायकाच्या पदाला नवा वकील चालतो, मानधन ठरलेलं असतं आणि गरीब आरोपींचे खटले हाताखाली येतात. दुसरी, सर्वोच्च न्यायालयातली विधी लिपिकाची. दरमहा मानधन, आधी वस्तुनिष्ठ परीक्षा, मग लेखी, मग मुलाखत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. खानदेशातून कोणी बसत नाही, कारण जाहिरात कोणी वाचत नाही.

—

साक्री तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं, वनहक्कावर निबंध लिहायचाय, बापाचा दावा उपविभागीय समितीकडे पडून आहे, तो उदाहरण म्हणून घेतला तर चालेल का. चालेल. फक्त आपलं नातं तळटीपेत उघड सांगायचं, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे कोणते पुरावे ग्रामसभेने धरले ते कागदासकट दाखवायचं. कागद समितीकडे आहेत. माहिती अधिकारात अर्ज केला तरी तीस दिवस, आणि स्पर्धेची शेवटची तारीख बावीस दिवसांवर.

तिने दोन्ही केलं. अर्ज टाकला आणि पोस्टरवरच्या पत्त्यावर लिहून विचारलं की हीच स्पर्धा पुढच्या वर्षी केव्हा आहे.