बेरजेला बसणारी घरं

ज्या घरात आई किंवा वडील शिक्षक, त्या घरातल्या मुलांची परीक्षा आपला शेवटचा पेपर देऊन संपत नसे. त्यानंतर गठ्ठे घरी यायचे. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना हे सांगायची गरज नाही. सहामाहीचे पेपर दिवाळीच्या तोंडावर यायचे आणि वार्षिकचे ऐन एप्रिलात. कोपऱ्याला दोरा ओवलेले, तुकडीनिहाय बांधलेले. एकीकडे आई चकल्या पाडतेय आणि पलीकडे सतरंजीवर सातवी ‘ब’ पसरलेली, असं ते घर.

तपासायचं काम वडिलांचं, बेरीज आमची. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर चौकटीत प्रश्नवार गुण मांडलेले असत. ताई मोठ्यानं वाचायची, “साडेतीन, चार, अडीच, दोन.” धाकटा तोंडी बेरीज करायचा, आणि आई स्वयंपाकघरातून ऐकता ऐकता आपली वेगळी करायची. दोघांचा आकडा जुळला तरच तो लाल शाईत पडायचा. जुळला नाही तर वडील पेपर परत हातात घेऊन शेवटपर्यंत उलटायचे. कधी पुरवणीत मागे लिहिलेला एखादा प्रश्न तपासायचाच राहिलेला निघायचा. मग त्या मुलाचे दोन-तीन गुण वाढायचे आणि आम्हाला इतका आनंद व्हायचा की जणू ते आमच्याच प्रगतिपुस्तकात पडले. त्या मुलाला आम्ही कधी पाहिलेलंही नसे.

बोर्डाचा गठ्ठा मात्र वेगळा. तो आला की सरळ कपाटात, कुलपात. त्याला कुणी हात लावायचा नाही, कुठल्या गावचे पेपर आहेत हे विचारायचंसुद्धा नाही. वडील दार लोटून बसायचे आणि रेडिओ बंद व्हायचा. तपासून झाले की ते गठ्ठा घेऊन एसटीनं नियामकांकडे जायचे. गोपनीय म्हणजे काय, हे आम्हाला त्या कुलपानं शिकवलं.

वह्या तर वर्षभर असायच्या. तपकिरी कव्हर, वर लेबल, आत समासाची रेघ. “अक्षर सुवाच्य काढावे”, “छान प्रयत्न”, “पालकांची सही आणावी” हे शेरे आम्हाला इतके पाठ होते की शाळा-शाळा खेळताना आम्ही तेच लिहायचो. त्यातूनच आमच्यापैकी बरेच जण पुढे शिक्षक झाले.

आमच्या नोकऱ्या सुरू झाल्या तेव्हाही कागदच होते. ऑनलाइन वर्ग आणि स्वाध्याय चालवणारी मूडल नावाची प्रणाली २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी आणली. ती मोफत असल्यामुळे आपल्याकडच्या महाविद्यालयांनाही वापरता आली. गूगल क्लासरूम २०१४ चं. पण बहुतेक शिक्षकांच्या घरात या गोष्टी खऱ्या अर्थानं शिरल्या त्या २०२० मध्ये. त्या मार्चमध्ये कोरोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबला आणि मग रद्दच झाला. जूनमध्ये वर्ग फोनवर भरले.

आणि घर पुन्हा एकदा तपासायला बसलं. सकाळी तोच फोन मुलाच्या वर्गाला, दुपारी आईच्या वर्गाला, रात्री स्वाध्याय तपासायला. फोटो आडवे यायचे. ते सरळ कसे करायचे, प्रत्येक मुलाचं वेगळं फोल्डर कसं लावायचं, हे कॉलेजातली लेक आईला दाखवायची. गणिताच्या पायऱ्या बारीक पडद्यावर वाचवत नसल्या की नवरा लॅपटॉपवर पान मोठं करून वाचून दाखवायचा. बेरीज आता यंत्र करत होतं, त्यामुळे ताईची जागा गेली. तरी माणसं लागतच होती.

एक फोटो माझ्यासमोर अजून तसाच आहे. आठवीतल्या मुलीची वही, त्रिकोणाची आकृती, डाव्या कडेला तिच्या अंगठ्याची सावली. वहीखाली प्लॅस्टिकची चटई, आणि कोपऱ्यात कुणीतरी वहीवर धरलेल्या बॅटरीचा पिवळा गोल. वीज गेलेली होती. पूर्वी मुलांच्या वह्या आमच्या घरी यायच्या. त्या वर्षी मुलांची घरं आमच्याकडे आली. कुणाच्या पानामागे शेणानं सारवलेली जमीन, कुणाच्या मागे शिलाई मशीन. वर्षानुवर्षं ज्यांना शिकवलं त्यांच्याबद्दल त्या वर्षात आम्हाला जेवढं कळलं, तेवढं पालकसभांतून कधी कळलं नव्हतं.

म्हणूनच पडद्यावरच्या ‘लेट’ या शिक्क्याबद्दल मला तळमळीनं बोलावंसं वाटतं. मुदत रात्री अकरा एकोणसाठची, आणि मुलाचा स्वाध्याय येतो बारा वाजून दहा मिनिटांनी. प्रणाली तिची नोंद चोख करते. पण त्या घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो, तो रात्री दहाला परत येतो, मग आधी मोठ्या भावाचं आणि नंतर याचं. हे शिक्षकानंच लक्षात ठेवावं लागतं. उशिराचे गुण आपोआप कापायची सोय असेल तिथे ती लावण्याआधी प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातल्या किती घरांत स्वतंत्र फोन आहे हे विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

२०२१ मध्ये तर दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला तो नववीच्या गुणांना पन्नास, दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत लेखी कामाला तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकांना वीस गुण धरून. एरवी ज्या स्वाध्यायांकडे मुलं आणि पालक फारसं बघत नसत, तेच बोर्डाच्या गुणपत्रिकेत जाऊन बसले. त्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या घरी जुन्या नोंदवह्या माळ्यावरून उतरल्या, फोटो शोधले गेले, आणि आकडे संगणकात भरण्याआधी पुन्हा कुणीतरी मोठ्यानं वाचलं, कुणीतरी ताडून पाहिलं. ताईला फोन लावून “जरा ऐक आणि बेरीज कर” म्हणणारी घरंही मला माहीत आहेत.

आता माझी लेक स्वतः पुण्यात शिकवते. तिच्याकडे रुब्रिक, म्हणजे गुणांच्या निकषांचा तक्ता आहे, निकषांवर क्लिक केलं की गुण पडतात, आणि नेहमीच्या शेऱ्यांचा साठाही तयार असतो, एक निवडून टाकला की झालं. तो साठा ती वापरते, पण कच्च्या मुलांसाठी वापरत नाही. त्यांच्यासाठी ती अडते आणि मला फोन करते. “आई, याची रीत बरोबर आहे, उत्तर चुकलंय आणि गेल्या वेळीही असंच झालं होतं. काय लिहू?” मी ते पान पाठवायला सांगते, नाव झाकून. मग आम्ही दोघी पायरी-पायरीनं वाचतो, आणि त्या मुलाची चूक नेमकी कुठल्या ओळीत सुरू होते ते सापडेपर्यंत फोन ठेवत नाही.