पांढरीच्या पोटात

केडगाव स्टेशनावरून निघालं, पारगावला भीमा ओलांडली, न्हावरे मागे टाकलं की इनामगावपर्यंत उसाची सोबत सुटत नाही. घोडनदीच्या काठी जमीन जराशी उचललेली दिसते. वर वेडी बाभूळ, घाणेरी, वाळकं कुसळी गवत. धोतराला, बाहीला धरणारे काटे सोडवत चढायचं. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असं आपण म्हणतो. इथली पांढरी तीन हजार वर्षांपलीकडची.

1968 ते 1983 या काळात पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि डेक्कन कॉलेजची मंडळी इथे खणत होती. इ.स.पू. 1600 ते 700 पर्यंत नांदलेलं गाव वर आलं. कुडाची घरं, चुली, पेवं, जवाचे दाणे. आणि घराच्या जमिनीखालीच माणसं. मोठ्यांची डोकी उत्तरेला, पावलं तोडलेली. मेलेल्यानं उठून घर सोडू नये म्हणून, असं अभ्यासक मानतात. उत्तरेला डोकं करून निजलो की आजी उशी फिरवायला लावायची, ते आठवलं. एक चाळिशीतला पुरुष मात्र चार पायांच्या, फुगीर पोटाच्या कच्च्या रांजणात पाय मुडपून बसवलेला होता. त्याची पावलं शाबूत होती.

लेकरांसाठी दोन करडी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायचे. आत बाळ. वर सारवण, वर रोजचा वावर. दात न आलेल्या मुलाला आपणही अग्नी देत नाही, पुरतो, पण गावाबाहेर. त्या आयांनी लेकरू उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही.

किल्ल्यांवर आपण जीव टाकतो, टाकावाच. पण जिथे आपल्या मातीतल्या माणसांनी पेरलं, जिथे ती रडली, तिथे साधी पायवाट राहू नये याचं फार वाईट वाटतं.

पावसानं उघडी पाडलेली खापरी उचलली. लाल, वर काळी रेघ, आतून कुंभाराच्या बोटांच्या वळ्या. माझं बोट त्या वळीत नेमकं बसलं.

खाली बांधावरच्या लिंबाला झोळी टांगलेली. ऊस तोडणारी बाई एका हातानं झोका देत होती.

“काय हुडकताय, दादा?”

“घरं.”

“कुणाची?”

झोळीतलं लेकरू कुरकुरलं, ती तिकडे वळली. मी खापरी होती तिथेच पालथी ठेवली.