हुमायून रोडवरील मराठी

दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ साली उभारलेले ज्यूडा हायम सभागृह हे शहरातील मोजक्या ज्यू कुटुंबांचे प्रार्थनास्थळ, ग्रंथालय आणि आबालवृद्धांचे भेटीचे ठिकाण. एका शुक्रवारी सायंकाळी मी तेथे गेलो तो हिब्रू प्रार्थना ऐकावयास. प्रार्थना आटोपताच शेजारच्या आजींनी विचारले, "तुम्ही कुठचे?" मराठी थेट अलिबागकडची! मग पोहे, ओले खोबरे, साखर असे मलिद्याचे साहित्य त्या सांगत बसल्या. नातू मात्र त्यांना हिंदीतच उत्तरे देत होता. १८७४ साली पुण्यात हाग्गादा मराठी भाषांतरासह छापणाऱ्या बेने इस्रायलांच्या या मराठीला आमच्या अभ्यासक्रमात जागा नाही. "पोरं आता मराठी बोलत नाहीत," आजी म्हणाल्या. माझी मुलगीही मला हिंदीतच उत्तर देते, हे त्यांना सांगणे मला जमले नाही.